बोनेट गरम होतं, तेव्हाच कळायला हवं होतं

गेल्या दिवाळीआधी मी अडीच वर्षं वापरलेली एक गाडी घेतली. 7 लाख 40 हजार रुपये. वर्धा रोडवरचा डीलर, काचेचं ऑफिस, बसल्याबसल्या चहा. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे.

रविवारी अकराला येतो, असं मीच फोनवर कळवलं होतं. गेलो तेव्हा गाडी धुऊनपुसून उभी. बोनेटवर हात टेकवला तर चटका बसला. उन्हाचा असेल म्हटलं, नागपूरच आहे शेवटी. शेजारच्या गाड्याही उन्हातच होत्या, त्यांच्यावर हात ठेवून पाहायचं काही सुचलं नाही. अर्ध्या चावीत इंजिन सुरू, आवाज एकदम मऊ. "भाऊ, इंजिनले हात लावाची गरजच नाही, शोरूम कंडिशन हाय," डीलर म्हणाला. सासऱ्यांनीही मान डोलावली. मी सही केली. त्या कागदात 'गाडी जशी आहे तशी स्वीकारली' ही ओळ होती, ती घरी येऊन वाचली.

टेकडी गणपतीला हार घालून आणला. चोविसाव्या दिवशी समृद्धीवरून संभाजीनगरला निघालो. येळाकेळीच्या पुढे गाडी एकशे दहावर असताना खालून टकटक सुरू झाली आणि तेलाचा दाब गेल्याचं सांगणारा, तेलाच्या कुपीच्या चिन्हाचा लाल दिवा लागला. तिथेच थांबायला हवं होतं. मी म्हटलं, पुढच्या इंटरचेंजला बघू. दोन मिनिटांत धाडकन आवाज आला आणि इंजिन जाम. मी क्लच दाबून धरला. पहिले दोन ब्रेक नीट लागले, मग पेडल दगडासारखं झालं, कारण ब्रेकला लागणारी मदत इंजिनच पुरवतं. मागून ट्रक हॉर्न मारत येत होता. कशीबशी कडेला घेतली. बायको आणि मुलगी दोन तास कठड्यापलीकडे उभ्या होत्या.

वाडीच्या मिस्त्रीने चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, खोललं. तळाशी चमचमता चुरा. "रॉडचं बेरिंग खाल्लं भाऊ, आणि हे आजचं नाही." रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी, इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड. मग त्याने डीलरची युक्ती समजावली. रात्रभर उभ्या गाडीचं तेल चेंबरमध्ये उतरतं, त्यामुळे सकाळी पहिले काही सेकंद बेरिंगला तेल मिळत नाही आणि झिजलेलं बेरिंग तेव्हा वाजतं. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आत गाडी तापवून ठेवायची. तापल्यावर तेल पातळ होऊन पुन्हा आवाज येतो, म्हणून कंपनीने सांगितलेल्यापेक्षा जाड तेल भरायचं. आवाज दबतो, बेरिंग झिजतच राहतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबर दिला आणि दहा मिनिटांत सगळं बाहेर आलं. चार महिन्यांपूर्वी आधीच्या मालकाने 'इंजिनातून आवाज' अशी तक्रार नोंदवली होती. वीस हजार किलोमीटरची सर्व्हिसिंग चुकली म्हणून वॉरंटी नाकारली गेली आणि त्याने गाडी विकली. ही दहा मिनिटं मी खरेदीआधी खर्च केली असती तर! आता इंजिनाचं कोटेशन 2 लाख 85 हजारांचं आहे.

नंतर झोप येईना म्हणून वाचत बसायचो. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने, एनएचटीएसएने, जनरल मोटर्सच्या 6.2 लिटर व्ही-8 इंजिनांची चौकशी सुरू केली. सुमारे 8 लाख 77 हजार गाड्या चौकशीत होत्या. एप्रिलमध्ये कंपनीने तिथल्या जवळपास 6 लाख गाड्या परत बोलावल्या. दोष कनेक्टिंग रॉड आणि क्रँकचा. गंमत म्हणजे तपासणीत पास झालेल्या गाड्यांना उपाय म्हणून जास्त जाड तेलच भरून मिळालं. पण तिथे मालकाला पत्र देऊन, कारण सांगून. माझ्या डीलरने तेच गुपचूप केलं, एवढाच फरक.

आपल्याकडेही मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद आली आणि नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहे ते, आणि मालकांच्या तक्रारी ठरावीक संख्येपर्यंत गेल्या तर सरकार कंपनीला विचारतं. तेव्हा नव्या गाडीचं इंजिन बसलं तर 'वाहन' पोर्टलवर तक्रार टाकाच, नशिबाला दोष देऊन गप्प बसू नका. माझ्या बाबतीत दोष कारखान्याचा की आधीच्या मालकाच्या हलगर्जीचा, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. कारण मीच दुसरी चूक केली. मिस्त्रीने जुनं तेल आणि फिल्टर भंगारात टाकलं आणि मी बघत राहिलो. फिल्टर कापला असता तर आतला चुरा पुरावा झाला असता. आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण पाठवायला काहीतरी उरायला हवं ना!

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. गाडीच्या किमतीनुसार फी फक्त दोनशे रुपये लागली. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला, "फिल्टर कुठे आहे?"

परवा सकाळी दहाला त्या डीलरसमोरून गेलो. आवारात एक पांढरी गाडी सुरू करून ठेवली होती. आत कुणीच बसलेलं नव्हतं.