राखणीच्या बकरवाल कुत्र्यांच्या नावाखाली गेलेले ४६,०५० रुपये

कळपाची राखण करण्यासाठी तयार केलेली, बकरवाल जातीची दोन कुत्री घरपोच देतो, असे सांगून माझ्याकडून ४६,०५० रुपये उकळण्यात आले. कुत्री आली नाहीत. ‘आता गप्प बस, आणखी हसे करून घेऊ नकोस,’ असा घरच्यांचा आग्रह आहे. परंतु शेळीपालकांमध्ये तीच जाहिरात अजूनही फिरत असल्यामुळे लिहिणे भाग आहे.

जुन्नर तालुक्यातील आमच्या शेतात ऊस आहे आणि बांधालगतच्या गोठ्यात बावीस उस्मानाबादी शेळ्या. या पट्ट्यातला बिबट्या रानातून येत नाही, तो उसातच राहतो आणि उसातच पिल्ले वाढवतो, हे येथील कोणालाही सांगावे लागत नाही. दोन गाभण शेळ्या लागोपाठ गेल्यावर पिंजऱ्यासाठी अर्ज केला, तेव्हा संबंधित कार्यालयाकडून ‘पिंजरा शिल्लक नाही’ एवढेच उत्तर मिळाले. अशा अवस्थेत मोबाइलवर मेंढ्यांच्या कळपात उभ्या असलेल्या धिप्पाड कुत्र्याचे चित्र दिसले, तर त्याखालच्या क्रमांकावर फोन करणारा मनुष्य मूर्ख असतो असे मी मानत नाही.

विक्रेत्याने आपण जम्मूतील राजौरीकडचे असून लष्करात असल्याचे सांगितले आणि ओळखपत्राचे छायाचित्र पाठवले. यापुढचे बहुतेकांनी ओळखलेच असेल. पण त्याच्या बोलण्यातला बराच भाग खरा होता, आणि लबाडी नेमकी तेथेच होती. बकरवाल लोक उन्हाळ्यात जम्मूकडून काश्मीरच्या कुरणांवर कळप नेतात, त्यांची कुत्री अस्वलापासून आणि बिबट्यापासून जनावरे राखतात, हिमाचलातील गद्दी मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, कारण बिबट्या आधी मान धरतो. यातले काहीही खोटे नाही. ही माहिती ऐकवून त्याने त्याच पट्ट्यांचे १,८०० रुपये माझ्याकडून वेगळे घेतले.

जोडीची किंमत २८,००० रुपये ठरली होती. त्यापैकी १०,००० रुपये आगाऊ दिले. कुत्री गाडीत चढवल्याचा व्हिडिओ आल्यावर उरलेले १८,००० दिले. नंतर प्रवासाच्या पिंजऱ्याची ‘परत मिळणारी’ अनामत म्हणून ९,४०० आणि विम्याचे ६,८५०. पैसे पाठवताना पडद्यावर भलतेच नाव दिसले. ते मेहुण्याचे खाते असल्याचे उत्तर मिळाले. शेवटी ‘वाटेत तपासणीसाठी अडवले आहे, १२,५०० भरा’ असा निरोप आला आणि तेथे मी थांबलो. परत मिळणारी अनामत, हा शब्दप्रयोग ऐकला की फोन ठेवून द्यावा.

परंतु मला खरोखर डाचते ती पैशांची रक्कम नव्हे, कुत्रे दाखवण्यासाठी त्याने सुरुवातीलाच पाठवलेला पहिला व्हिडिओ डाचतो. पत्र्याच्या शेडमध्ये पंधरा-वीस मेंढ्या आणि मधोमध पांढऱ्या छातीचे तपकिरी कुत्रे. मेंढ्या डाव्या भिंतीला चिकटलेल्या, माना ताठ, सगळ्यांचे कान कुत्र्याकडे. कुत्र्याच्या गळ्यात साखळी आणि साखळीचे दुसरे टोक कोणाच्या तरी हातात. राखणीचे कुत्रे जवळून गेले म्हणून मेंढी रवंथ थांबवत नाही, कारण ते दोन-अडीच महिन्यांचे असल्यापासून तिच्याच उबेला झोपलेले असते. धनगरांचे वाडे आमच्या रानात बसतात तेव्हा मी हे लहानपणापासून पाहत आलो आहे. आईने तर तो व्हिडिओ पाहताक्षणी म्हटले होते, “मेंढरं बुजल्यात की रं.” मी विक्रेत्याला विचारले, त्याने कॅमेऱ्याचे कारण दिले, आणि ते मला पटले; कारण त्या आठवड्यात रोज रात्री गोठ्यापाशी बॅटरी घेऊन जागणाऱ्या माणसाला पटण्यासाठी फारसे मोठे कारण लागत नाही. चार महिन्यांचे पिल्लू ‘पूर्ण तयार’ आहे, हे विक्रेत्याचे वाक्यही माझ्या ध्यानातून तसेच निसटले. असे कुत्रे भरवशाचे व्हायला दोन वर्षे जातात, आणि ‘हुकूम दिला की तुटून पडते’ ही तर राखणीच्या कुत्र्याची ओळखच नव्हे. ते हुकमाची वाट पाहत नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि तक्रारीचा क्रमांक मिळाला. हे काम पैसे गेल्याच्या तासाभरातच करावे, कारण नंतर रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पांगत जाते. खरा मनस्ताप पुढे झाला. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “कुत्र्यासाठी एवढे पैसे?” आणि त्यानंतर बाकावरची माणसे हसली. तेथून ‘सायबरचे काम जिल्ह्याच्या ठिकाणी’ म्हणून पाठवले, जिल्ह्याच्या ठिकाणाहून ‘हद्द तुमच्या ठाण्याची’ म्हणून परत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली ही सरळसरळ फसवणूक आहे, आणि हद्द कोणतीही असली तरी गुन्ह्याची खबर नोंदवून घेण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे मी कागदावर लिहून नेले, तेव्हा ‘आम्हाला कायदा शिकवू नका’ असे ऐकावे लागले. बँकेने ‘पैसे तुम्ही स्वतः पाठवले’ हे वाक्य निरनिराळ्या टेबलांवरून ऐकवले. समोरच्या खात्यात ३,२०० रुपये गोठवलेले सापडले आहेत, पण ते मिळवण्यासाठी न्यायालयाचा आदेश आणा, असे मला सांगण्यात आले, म्हणजे वकिलाची फी त्याहून जास्त. कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, असा २०१७ चा नियम आहे. त्या नोंदणीची यादी एका सरकारी कार्यालयात मागितली, तर तेथील साहेबांनी असा काही नियम असल्याचे माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकले. फसवणारा निदान गोड बोलत होता.

नोंदणी क्रमांक मागा. आठ आठवड्यांखालचे पिल्लू कोणी विकत असेल तर तोही नियमभंगच आहे. कुत्रे साखळीशिवाय, चारा टाकताना, करडांमध्ये उभे करून दाखवायला सांगा, आणि कुत्र्याकडे न पाहता करडांकडे पाहा. शक्यतो आपल्याच भागात उतरणाऱ्या धनगराकडून, आईबाप डोळ्यांनी पाहून पिल्लू घ्या. तेही एकटे नको, कारण अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराचा जो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. बिबट्याच्या मुलखात गोठ्याला छतासकट जाळी मारल्यावाचून कुत्र्यावर विसंबणे व्यर्थ आहे. गेलेल्या रकमेत माझी जाळी पूर्ण झाली असती.

त्या माणसाचा क्रमांक बदलला आहे, जाहिरातीतले नावही आता वेगळे आहे, पण व्हिडिओ तोच आहे: पत्र्याची शेड, मागे निळी पाण्याची टाकी, डाव्या भिंतीला चिकटलेल्या मेंढ्या. तो कोणाकडे आला असेल तर एक रुपयाही पाठवू नये, आणि आधीच पाठवला असेल तर हा मजकूर वाचत न बसता आधी १९३० लावावा.