‘बसतंय ना भाऊ, मग चालणारच!’

नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत मी अकरा वर्षं क्वालिटीला आहे. एम १० चा बोल्ट दीडच्या पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर) येतो तसा सव्वाच्या पिचचाही येतो. चुकीचा उचलला तरी पहिले एक-दोन आटे सुरळीत जातात आणि मग अडतो. नव्या पोरांना मी हे पहिल्या दिवशी शिकवतो. आणि एवढं सगळं कळत असताना दिवाळीच्या बोनसमधले १३,३०० रुपये मी ‘बसेल’ या एका शब्दावर घालवले.

माझा गेमिंगचा पीसी २०१७ चा. इंटेलचा सातव्या पिढीचा आय५-७४०० प्रोसेसर, एच११० चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात तो), जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसरला चार कोअर, चार थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं. नवे गेम सुरू व्हायचे, पण गर्दीचा सीन आला की चित्र अडकत अडकत पुढे जायचं. सगळंच नवं घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून म्हटलं प्रोसेसर आणि कार्ड तेवढं बदलू.

शहरातल्याच एका दुकानदाराचा नंबर कुणीतरी दिला होता. आदल्या रात्री त्याला बोर्डाचा फोटो पाठवला. त्यावर एच११० ठळक छापलेलं दिसत होतं. विचारलं, यात आठव्या पिढीचा आय५-८४०० चालेल का? उत्तर आलं, ‘बसेल.’ मी विचारलं होतं चालेल का, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रोसेसर आणि कार्ड काढून, कागदात गुंडाळून, पोळीच्या डब्यात घालून ॲक्टिव्हावरून घेऊन गेलो. द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमधून अख्खं कॅबिनेट कोण नेणार? त्याच्या टेबलावर एक उघडा बोर्ड होता. त्यात त्याने ८४०० लावून दाखवला, विंडोज सुरू झालं. ‘सॉकेट तोच भाऊ, ११५१. बसतंय ना, मग चालणारच!’ सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. तो टेबलावरचा बोर्ड कोणता, हे मी विचारलं नाही.

माझा ७४०० त्याने १,५०० ला धरला, १०५० टीआय २,५०० ला. ८४०० चे ५,५०० आणि ‘आरएक्स ५८०, ८ जीबी’ कार्डाचे ७,०००. वजा जाता ८,५०० यूपीआयने दिले. बिल म्हणून वहीतल्या पानाची चिठ्ठी मिळाली: ‘पीसी पार्ट एक्सचेंज’. दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही.

घरी प्रोसेसर अलगद बसला. खाचा जुळल्या, पट्टी दाबली गेली. बटण दाबलं, पंखे फिरले, थांबले, पुन्हा फिरले. स्क्रीन काळीच. रॅम खोडरबराने घासली, बोर्डावरचा सेल काढून लावला, रात्रीचा एक वाजला. सकाळी कॅबिनेट रिक्षात घालून दुकानात. त्याने पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, ‘बोर्ड गेला भाऊ. प्रोसेसर काढताना तुमच्याकडून पिन वाकली असेल.’

इथे मी खरा फसलो. चूक माझीच म्हटल्यावर माणूस भांडत नाही, खालमानेने पैसे काढतो. एच३१० चा बोर्ड ४,८०० ला घेतला. माझा ७४०० परत मागून पाहिला, तर ‘तो कालच गेला.’

आता खरा प्रकार सांगतो. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीच्या सॉकेटचं नाव एकच, पिना तेवढ्याच ११५१, खाचाही त्याच जागी. पण २०१७ मध्ये आठवी पिढी आली तेव्हा कुठल्या पिनेतून वीज जाणार याची मांडणी बदलली. म्हणून आठवी-नववी ३०० मालिकेच्या बोर्डांवर चालते (एच३१०, बी३६०, झेड३७० वगैरे), आणि सहावी-सातवी १०० व २०० मालिकेवर (माझा एच११० यातलाच). उलटंही नाही. बसतात मात्र सगळे. माझ्या एच११० मध्ये ८४०० सुरूच होणार नव्हता, आणि हे रोज टेबलावर बोर्ड जोडणाऱ्या माणसाला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक मॉडेलची प्रोसेसरची यादी असते, कोणत्याला कमीत कमी कितवं बायोस (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) लागतं तेही असतं. मी ती नंतर पाहिली. तीन मिनिटं लागली.

जुना बोर्ड मी भंगारात टाकला नव्हता, ही सवय कंपनीतली. सातपूरच्या एका सहकाऱ्याकडे आय५-६५०० होता. रविवारी मिसळ खाऊन त्याच्या घरी गेलो, बोर्डात त्याचा प्रोसेसर लावला. पहिल्या झटक्यात डिस्प्ले आला. भिंगाखाली सगळ्या पिना पाहिल्या, एकही वाकलेली नव्हती.

कार्डाची भानगड भाच्याने काढली. भाऊबिजेला बहीण पिंपळगावहून आली, तिच्याबरोबर तो. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर उघडून म्हणाला, ‘मामा, शेडर २०४८ दाखवतंय. ५८० ला २३०४ असतात.’ शेडर म्हणजे कार्डातले चित्र रंगवणारे छोटे भाग. आरएक्स ५८० २०४८एसपी नावाचं कार्ड २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी निघालं होतं. आकडा ५८० चा, शेडर मात्र ५७० या खालच्या कार्डाइतकेच. खोक्यावर आणि दुकानदाराच्या तोंडी ‘२०४८एसपी’ येत नाही, किंमत मात्र ५८० ची लागते. कार्ड घेताना दुकानातच हे सॉफ्टवेअर चालवायला लावा. नको म्हणाला तर कार्डही नको.

त्यात भर म्हणजे जड गेममध्ये पंधरा मिनिटांत पीसी धाडकन बंद व्हायचा. कार्डाला आठ पिनांची वेगळी वायर लागते, ती माझ्या एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला) नव्हतीच. दुकानदाराने चार पिनांच्या दोन वायरी जोडून कन्व्हर्टर दिला होता, ‘४५० वॅट भरपूर झाले.’ एसएमपीएसवर ४५० मोठ्या अक्षरात होतं खरं. बाजूच्या पट्टीवर बारीक अक्षरात १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर. गुणा: २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्डाला वीज मुख्यतः याच १२ व्होल्टवरून जाते. आता खऱ्या ५८० ला एएमडी १८५ वॅट सांगते, ८४०० ला इंटेल ६५. झाले २५०. कन्व्हर्टरचं प्लास्टिक एका बाजूने पिवळं पडलेलं दिसलं तेव्हा मी कार्ड काढूनच ठेवलं.

परत गेलो तर उत्तर ठरलेलं. ‘५८० म्हटलं, ५८० दिलं. बसलं ना? विकलेला माल परत नाही.’ १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणंही त्यातच मोडतं. पण माझ्याकडे पुरावा काय? यूपीआयची नोंद, वहीचं पान आणि व्हॉट्सॲपवरचं ‘बसेल’. तक्रारीनंतर त्याने २,००० रुपये पाठवले आणि फोन उचलणं बंद केलं. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, म्हणून कागद जमवतोय.

त्याचा नंबर अजून सेव्ह आहे. परवा त्याच्या स्टेटसला आय५-७४०० चा फोटो होता. ३,२०० रुपये. खाली लिहिलं होतं, ‘सगळ्या ११५१ बोर्डांत बसतो.’