चार फुटी टाकी, बंड्या आणि ती मधली काच (नऊ महिन्यांनंतर)

हा रिव्ह्यू मी एप्रिलमध्येच लिहायला घेतला होता, पण तेव्हा नुसत्या शिव्याच उतरल्या म्हणून तसाच ठेवून दिला. आता ऑक्टोबर आलाय, डोकं जरा थंड आहे, बिलं सगळी फाइलला लावलेली आहेत (अकाउंट्समध्ये आयुष्य गेल्याचा हा एक फायदा), तर लिहून टाकते. ज्यांच्याकडे पाण्यातलं कासव आहे, ते लाल कानवालं, रेड इअर्ड स्लायडर, त्यांना टाकी, फिल्टर, बल्ब हे सगळं माहीत असतं, ते परत सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते मुख्यतः एका काचेबद्दल.

थोडक्यात मागचं. लेकाने सातवीत असताना हट्ट करून नाण्यापेक्षा जरा मोठं पिल्लू आणलं, विकणारा म्हणाला "ताई, हे एवढंच राहतं". लेक आता इंजिनिअरिंगला नागपूरला आणि आठ इंची बंड्या माझ्याकडे. मूळचा हा मिसिसिपीच्या खोऱ्यातला, नीट सांभाळला तर तीस वर्षं आरामात काढतो, म्हणजे माझ्या रिटायरमेंटनंतरही हा आहेच. एका चुलत सासऱ्यांनी सुचवलं की खडकवासल्यात सोडून दे, पुण्य लागेल. कसलं पुण्य, उपद्रवी परक्या प्रजातींची आययूसीएनची (निसर्ग जपणारी जागतिक संस्था) जी १०० जणांची यादी आहे त्यात हे कासव बसलंय, जिथे जाईल तिथल्या देशी कासवांची ऊन खायची जागा बळकावतं. तेव्हा सोडायचं नाही, ठेवायचं, आणि ठेवायचं तर नीट ठेवायचं, म्हणून जानेवारीत जमीन-पाणी दोन्ही असलेली टाकी करून घेतली.

दुकानाचं नाव लिहीत नाही, विचारूही नका. टाकी ४ बाय २ बाय २ फूट, १० मिमी काच, १३,५००. लोखंडी स्टँड ५,५००. कॅनिस्टर फिल्टर (पाणी गाळणारा बंद डबा) ७,८००. आणि "पार्टिशन व लँडस्केपिंग" म्हणून ४,२००. या शेवटच्या ओळीवर बोट ठेवा, पुढचं सगळं रामायण तिथलं आहे.

लँडस्केपिंग म्हणजे काय, तर टाकीच्या उजव्या अंगाला सोळा इंच सोडून मध्ये एक उभी काच सिलिकॉनने चिकटवलेली, पंधरा इंच उंच. डावीकडे चौदा इंच पाणी, उजवीकडे खाली थर्माकोल (माती वाचावी म्हणून), वर आठ इंच माती, त्यात एक मनी प्लांट. दिसायला इतकं सुंदर की सासूबाईंनी फोटो काढून बहिणीला पाठवला. मनी प्लांट बंड्याने दुसऱ्या दिवशी उपटला. बरंच झालं, त्याच्या पानात ऑक्झलेटचे खडे असतात, तोंड पोळतं, हे दुकानदाराला माहीत असायला हवं होतं की नको?

पहिले पाच आठवडे मी खूश होते हे प्रामाणिकपणे सांगते. मग फेब्रुवारीत पाण्याची पातळी उतरायला लागली. दुकानात फोन केला तर म्हणे मॅडम उन्हाळा लागतोय, बाष्पीभवन. बरं. मी काचेवर स्केच पेनने रेघ मारली, आणि टाकीच्या झाकणावर त्याच बल्बखाली एक स्टीलचं पातेलं काठोकाठ भरून ठेवलं. चोवीस तासांनी पातेल्यातलं पाणी जेमतेम तीन मिलिमीटर उतरलं, टाकीतलं दीड सेंटिमीटर. माझ्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साधारण पाच लिटर. म्हणजे रोज सात-साडेसात लिटर पाणी कुठेतरी जातंय आणि बाहेर फरशीवर तर थेंब नाही! तीन दिवस रोज भर घातली, चौथ्या दिवशी पातळी थांबली. मला वाटलं सुटलो. तर थांबली का, कारण पलीकडची माती पिऊन पिऊन गच्च झाली होती, अजून प्यायला जागाच उरली नव्हती. बोट घातलं तर पार कोपरापर्यंत चिखल, आणि वास असा की सडक्या अंड्यांचा ट्रे फुटलाय. हवा न लागलेल्या मातीत तो वास होतोच, पण तो आमच्या हॉलमध्ये होता, आणि त्या दिवशी हळदीकुंकवाच्या राहिलेल्या दोघी येणार होत्या.

मग सुरू झाली सर्व्हिस. दुकानाने एक मुलगा पाठवला. त्याने पाणी काढलं, जुन्या सिलिकॉनवरूनच नवीन सिलिकॉनची बोटभर जाड पट्टी ओढली, "चोवीस तासांनी भरा" म्हणाला आणि गेला. तीन आठवड्यांत परत तेच. आमच्या बिल्डिंगमध्ये स्लायडिंग खिडक्यांचं काम करणारा एक जण येतो, त्याला सहज दाखवलं तर त्याने नखाने ती पट्टी सालीसारखी सोलून हातात दिली. म्हणाला, जुन्या वाळलेल्या सिलिकॉनवर नवीन धरतच नाही, आधीचं ब्लेडने पूर्ण खरवडून काच स्पिरिटने पुसायला लागते. हे खिडकीवाल्याला माहीत आहे, टाकीवाल्याला नाही.

आणि काच बघा. बाहेरची १० मिमीची, मधली ५ मिमी! मी रात्री बसून हिशोब केला: चौदा इंच पाणी, दोन फूट रुंदी, त्या काचेवर साधारण ३८ किलोंचा रेटा, रात्रंदिवस, एकाच बाजूने, कारण पलीकडे खाली थर्माकोल, त्याचा कसला आधार. लोकांना वाटतं टाकी मोठी म्हणून दाब जास्त. तसं नसतं, दाब पाण्याच्या खोलीवर असतो. माझी टाकी दहा फूट लांब असती तरी त्या काचेवर तेवढाच भार आला असता. त्यात बंड्या वर चढताना पुढच्या नख्यांनी नेमका तो कोपऱ्यातला सिलिकॉनच ओरबाडायचा.

परत फोन. यावर मालकांनी जे उत्तर दिलं ते मी फ्रेम करून लावणार आहे: "मॅडम, वॉरंटी टाकीची आहे, पार्टिशनची नाही."

एप्रिलमध्ये बंड्याने खाणं सोडलं. दिवसभर काचेला धडका, मागच्या पायांनी खरवडणं, रात्री पण झोप नाही, टाकीत नुसती टक टक टक. आधी वाटलं घाण पाण्याने आजारी पडला. डॉक्टरांकडे नेला, त्यांनी पुढच्या पायांची नखं बघितली, शेपूट बघितली आणि हसले. म्हणाले नराची नखं लांबलचक असतात, हिची आखूड आहेत, बंड्या नाही, बंडूताई आहे. एक्सरेत सहा अंडी. सात वर्षं आम्ही "बाळ राजा" म्हणून हाक मारतोय! (अंड्यांना ऊब किती मिळते त्यावर यांचं नर-मादी ठरतं, २६ डिग्रीला नर, ३१ ला मादी. म्हणजे आमची बंड्या उबदार कोपऱ्यातली.) नर लागत नाही, नराशिवायही मादी अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लं येत नाहीत. पण घालायला तिला कोरडी नाही, चिखल नाही, ओलसर भुसभुशीत जमीन लागते, आणि नाही मिळाली तर ती अंडी धरून ठेवते, आणि ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी विचारलं, जमीन आहे ना टाकीत? मी म्हटलं आहे, ४,२०० रुपयांची आहे.

त्याच दिवशी दुपारी उन्हात बोहरी आळी. एक चौकोनी प्लास्टिकचा टब, २२ बाय १५ इंच, १० इंच उंच, ३६० सांगितला, ३४० ला घेतला. घरी येऊन मी आणि यांनी मिळून ती मधली काच ब्लेड आणि नायलॉनच्या दोरीने कापून काढली, चिखल घमेल्यांनी उपसला. बंड्या तोवर बाथरूममध्ये मोठ्या टबात, आणि सासूबाई दोन दिवस "हिच्यासमोर मी आंघोळ करणार नाही" म्हणून शेजारच्यांकडे. थर्माकोलचे दाणे अजून फरशीच्या फटीतून निघतात.

आता टबाची गंमत. टाकीच्या तळाशी विटांचे दोन थर, त्यावर टब, म्हणजे टबाची कड पाण्याच्या दोन इंच वर राहते. पहिल्यांदा मी काटकसर म्हणून घरात पडलेलं कोकोपीट भरलं, पाणी सोडलं आणि टब होडीसारखा तरंगायला लागला. हसू नका, तुमचाही तरंगेल. टबाचा आठ इंच भाग पाण्यात म्हणजे त्रेचाळीस लिटर पाणी बाजूला सारलं, कोकोपीट त्याहून हलकं, मग जाणार कुठे. मग ते काढून नर्सरीतली लाल माती आणि चाळलेली वाळू अर्धी-अर्धी भरली, साठ किलोंच्या वर गेलं, आता जागचा हलत नाही. चढायला शहाबादी फरशीचा तुकडा तिरका लावला, पॉलिश नसलेला, खरबरीत बाजू वर. फरशी फुकट, सोसायटीत काम चालू होतं.

तिसऱ्या रात्री अकराच्या सुमाराला हॉलचा लाइट बंद करून मी आणि हे सोफ्यावर बसलो होतो, आवाज न करता. बंड्या फरशीवरून वर गेली. थोडा वेळ मातीचा वास घेत फिरली, मग पाठमोरी होऊन मागच्या पायाने एक ओंजळ माती बाजूला, मग दुसऱ्या पायाने एक ओंजळ, डावा उजवा डावा उजवा, घाई नाही. मध्येच माती कडक लागली तर तिच्यावर स्वतःच पाणी सोडलं आणि परत सुरू. एकदाही मागे वळून बघितलं नाही खड्डा किती झाला ते. पाऊण-एक तासाने एकेक अंडं, सहाही, आणि प्रत्येक अंडं पडलं की मागचा पाय आत घालून हलकेच सरकवायची. मग माती ओढून, पोटाने थापून, वरून सपाट, सकाळी कोणाला कळणारही नाही. मी रडले, सांगायला लाज नाही. हे म्हणाले, ३४० रुपये वसूल.

ही झाली एप्रिलची गोष्ट. आता बाकीच्या गोष्टींवर, कारण काही मतं मधल्या काळात बदलली.

फिल्टर: ड्राफ्टमध्ये मी लिहिलं होतं "७,८०० पाण्यात, घरघर करतो, घेऊ नका". मागे घेते. घरघर होती ती आत हवा अडकल्यामुळे, चालू असताना डबा दोन-तीनदा तिरका केला की बुडबुडे निघून जातात, आता चालू आहे का ते हात लावून बघावं लागतं. कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं त्यामुळे टाकीतल्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचाच घ्या, इथे पैसे वाचवू नका. पावसाळ्यात लाइट चार-पाच तास गेली तर मात्र परत चालू करण्याआधी फिल्टर उघडून धुवा, आतलं सडलेलं पाणी थेट टाकीत येतं, मी एकदा शिकले.

यूव्हीबी बल्ब (कासवाला उन्हातले अतिनील किरण देणारा): दुकानदाराने बल्ब काचेच्या झाकणावर ठेवून दिला होता. काच यूव्हीबी अडवते! म्हणजे दोन महिने मी नुसता दिवा लावून बसले होते. आता तिथे जाळी आहे. शिवाय हा बल्ब सहा ते बारा महिन्यांत बदलायचा, उजेड पडत राहतो पण कामाचे किरण कमी होत जातात, रिटायर होऊनही रोज ऑफिसला येऊन बसणाऱ्या साहेबासारखं. म्हणून मी सकाळी आठ ते नऊ बंड्याला गॅलरीत खरं ऊन देते, दुसऱ्या टबात अर्धी सावली ठेवून, एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त वेळ नाही.

पाणी काढायचा कॉक: तळाशी एक इंची बसवून घ्या, टाकी बनवतानाच. पूर्वी मगाने उपसायचे, मनगट गेलं. आता पाइप लावते, पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना, जास्वंद नुसती लगडलीये. गुरुवारी पाणी बंद असतं त्यामुळे पाणी बदलणं बुधवारी, हे मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. टाकीला हात लावला की साबणाने हात धुणं सक्तीचं, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) यांच्या अंगावर असतो, अमेरिकेत त्यापायीच १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला डबीत मिळतात.

टब पावसाळ्यात मात्र त्रास देतो, जुलै-ऑगस्टमध्ये माती सुकतच नव्हती, वर पांढरी बुरशी आली. वरची दोन इंच माती काढून कोरडी भरली, वेळ लागला अर्धा तास. तेच पार्टिशन असतं तर परत टाकी रिकामी, परत मुलगा, परत सिलिकॉन. कोणाला टाकीत जमीन करायची असेल तर एवढंच ऐका, जमीन वेगळ्या भांड्यात करा, काच चिकटवून करू नका. कोणी कितीही सुंदर फोटो दाखवू दे.

दुकानाशी भांडण पूर्ण संपलेलं नाही. ४,२०० मागितले होते, मे महिन्यात १,८०० वर तडजोड झाली, ९०० मिळाले. मधे एकदा त्यांनीच फोन करून टबाचे फोटो मागितले, दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला तसं करून द्यायचंय म्हणे. पाठवले मी, आणि खाली बिलाचा फोटोही पाठवला. उरलेल्या ९०० चं विचारलं तर म्हणतात, दिवाळी होऊ द्या मॅडम.