दांडिया बाजारातली पोथी-छपाई: शिवण चोख, हक्कांची चौकशी कच्ची

पारायणासाठी जुन्या पोथीच्या पन्नासेक प्रती छापून हव्या असतील, तर बडोद्यातलं हे छोटं दुकान कामाचं. सोळा-सोळा पानांचे फर्मे (दुमडलेल्या पानांचे जुडगे) शिवून बांधतात, नुसत्या गोंदावर भागवत नाहीत; म्हणून पोथी चौरंगावर सपाट उघडी राहते आणि सप्ताहाच्या मध्येच पानं सुटत नाहीत. कागद ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे छपाईचा पांढरा कागद, मागून घ्या. त्याहून हलक्यावर मागची अक्षरं दिसतात.

घोडं अडतं हक्कांपाशी. ‘धर्मग्रंथाला कसला कॉपीराइट?’ हे काउंटरवरचं ठरलेलं उत्तर मूळ संहितेपुरतंच खरं. भाषांतर ही कायद्यात स्वतंत्र कृती. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गीतेच्याच प्रकरणात हा फरक केला: श्लोक सगळ्यांचे, भाषांतर-विवेचन ज्याचं त्याचं. दुकानात मात्र प्रकाशनाचं वर्ष बघतात आणि साठ वर्षं उलटली की होकार देतात. चूक इथेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काची साठ वर्षं मोजायची ती भाषांतरकाराच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून. टिळकांचं ‘गीतारहस्य’ १९१५ चं, ते गेले १९२० मध्ये. ते हक्कांतून कधीच मोकळं झालं. ‘गीताई’ही १९३२ ची, म्हणजे जुनीच की, असं धरलं तर फसाल. विनोबा गेले १९८२ मध्ये. मुदत ३१ डिसेंबर २०४२ पर्यंत. प्रकाशनवर्ष कामी येतं ते भाषांतरकार निनावी असेल किंवा भाषांतर त्याच्या पश्चात छापलं असेल तेव्हा.

पोथी काढणाऱ्या धार्मिक संस्थानाचं परवानगीपत्र दाखवलं की दुकानाचं समाधान होतं. पण संस्थानाकडे हक्क आला कसा? भाषांतर करणाऱ्या महाराजांचं लेखी हस्तांतर किंवा मृत्युपत्र नसेल, तर हक्क वारसांचा. हल्लीच्या करारात मुदत लिहायची राहिली, तर तो पाच वर्षांपुरताच.

नातवंडांसाठी तीच पोथी गुजराती लिपीत बसवून देतात, ही सोय खास बडोद्याची. लिपी बदलली म्हणून मालक बदलत नाही, एवढं लक्षात असू द्या. ‘हक्कांची जबाबदारी ग्राहकाची’ या कागदावर सही घेतात; त्याने छापणारा सुटत नाही, ग्राहक तर नाहीच.

स्कॅन देण्याआधी नवी प्रस्तावना, टिपा आणि मुखपृष्ठावरचं चित्र वगळा. भाषांतर मोकळं असलं तरी त्यांचे हक्क निराळे. हे दुकानदार आपणहून सुचवत नाही. सांगितलं तर पानं गाळून फर्मे नव्याने लावून देतो, आणि त्याचे जादा पैसे लावत नाही.