दमेपर्यंत काम की घड्याळ लावून विश्रांती?
आमवात असताना ऑफिसात दोन रीती दिसतात. बरं वाटेल त्या दिवशी सगळं उरकून घ्यायचं, किंवा बरं असो-नसो, ठरल्या वेळी थांबायचं.

पहिलीत टेबल रिकामं झाल्याचं समाधान मोठं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं तासभर वळत नाहीत, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागतो, रजा टाकावी लागते ती वेगळीच.

दुसरीत २५ मिनिटं टायपिंग, ५ मिनिटं हात मांडीवर सैल. जड काम अकरानंतर, सांध्यांचा आखडलेपणा ओसरल्यावर. सुरुवातीला उठताना अपराधी वाटतं. तरी मी हीच धरेन: दुखायच्या आधी थांबलं तरच संध्याकाळी पोळ्या लाटायला हात उरतात. मार्चअखेरीला मात्र साहेबांशी आधीच बोलून ठेवावं.