आरटीएक्स ३०६० की ४०६०?

नाशिकरोडला राहणाऱ्या भाच्यासाठी कॉम्प्युटरचं एनव्हिडिया ग्राफिक्स कार्ड घ्यायचं होतं. त्याला गेमपेक्षा ब्लेंडरचं, म्हणजे थ्रीडी चित्रं बनवायच्या सॉफ्टवेअरचं, वेड जास्त. २०२३चं ४०६० गेममध्ये सरसच, एनव्हिडियाचं फ्रेम जनरेशनही (मधल्या जादा फ्रेम कार्डानंच बनवणं) या दोघांत त्यातच मिळतं. वीजही कमी, ११५ वॉट; २०२१चं ३०६० मात्र १७० वॉट खातं.

पण मेमरी पाहा. मूळ ३०६० ला १२ जीबी आणि १९२ बिटची बस (मेमरीशी डेटाची ने-आण करणारा रस्ता), ४०६० ला ८ जीबी आणि १२८ बिट. भाच्यानं गोदाघाटाचा सीन केलाय, पायऱ्या, देवळं, दगडादगडाला ४के टेक्श्चर (वर चढवलेलं बारीक तपशिलाचं मोठं चित्र). मित्राच्या ८ जीबीच्या कार्डावर तो लावला, तर मेमरी पुरेना आणि रेंडर (सीनचं अंतिम चित्र तयार होणं) मध्येच बंद पडलं. रात्रभर जागून केलेलं काम होतं ते! कार्डाची मेमरी नंतर वाढवता येत नाही. त्याला मी १२ जीबीवालं ३०६०च घेऊन दिलं.