परमिट माझ्या नावावर झालं, पण स्लेडवर कर्ज होतं

कॅनडातल्या ओंटारिओत कुणी खासगी माणसाकडून जुनी स्नोमोबिल (बर्फावर चालणारी मोटारगाडी, इथे तिला स्लेड म्हणतात) घेणार असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे साडेसहा हजार डॉलर गेले, आणि कागद सगळे खरे होते.

मुलीला बारा पूर्ण झाली. इथे त्या वयाला कोर्स करून परीक्षा पास झालं की ट्रेलवर, म्हणजे बर्फातल्या आखलेल्या वाटांवर, स्लेड चालवायचं लायसन्स मिळतं. तिनं ते मिळवलं, म्हणून मी जाहिरात बघून एक स्लेड ठरवली. विकणाऱ्यानं गॅरेजमध्ये नेलं. स्लेडला पुढे ढकलणाऱ्या पट्ट्याच्या वर ॲल्युमिनियमचं आवरण असतं, त्याला टनेल म्हणतात, त्याच्या उजव्या बाजूला ठोकलेल्या व्हिन नंबरवर, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकावर, त्यानं टॉर्च धरला. एकेक अक्षर-आकडा तो मोठ्यानं वाचत गेला आणि मी परमिटवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, बोट ठेवून जुळवत गेलो. सतराच्या सतरा जुळले. परमिटवर नावही त्याचंच होतं. मी तिथल्या तिथे ई-ट्रान्सफर केली.

निघताना तो म्हणाला, "गोठलेल्या तळ्यावर चालवणार असाल तर इन्शुरन्स लागत नाही." हे साफ खोटं आहे. स्वतःच्या जमिनीबाहेर नोंदणी आणि इन्शुरन्स दोन्ही लागतात, तळ्यावरसुद्धा. जो माणूस इतक्या सहज कायदा वाकवून सांगतो त्याच्यावर बाकीच्या गोष्टींत विश्वास ठेवायला नको होता.

सहा दिवसांच्या आत मालकी बदलून घ्यायची असते. मी दुसऱ्याच दिवशी सर्व्हिस ओंटारिओत, म्हणजे सरकारी नोंदणी कार्यालयात, गेलो, परमिट माझ्या नावावर झालं आणि मी निर्धास्त झालो.

मार्चमध्ये फायनान्स कंपनीचा फोन आला. आधीच्या मालकानं स्लेड कर्जावर घेतली होती आणि हप्ते थकवले होते. मी वकिलांना गाठलं. त्यांनी सांगितलं की डीलरच्या दुकानातून घेतलं असतं तर गोष्ट कदाचित वेगळी असती. खासगी व्यवहारात मात्र व्हिन नंबरासकट नोंदलेला बोजा स्लेडबरोबरच येतो. परमिट कुणाच्या नावावर आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. ट्रेलर घेऊन दोघं आले आणि स्लेड घेऊन गेले. मुलगी खिडकीत उभी होती.

बोज्यांची नोंद सरकारी रजिस्टरमध्ये असते. थोडी फी भरून व्हिन नंबर टाकला की कुणालाही ती ऑनलाइन बघता येते. जो नंबर मी बोट ठेवून जुळवला, तोच तिथे टाकला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. मला हे रजिस्टर असतं हेच ठाऊक नव्हतं.

आता स्मॉल क्लेम्स कोर्टात (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) दावा लावलाय, पण विकणाऱ्याचा फोन बंद आहे आणि पत्त्यावर पाठवलेले कागद परत आले.

तुम्ही रजिस्टरमधला हा शोध विकणारा समोर असतानाच करा, नंबर टनेलवरून वाचून. विकणाऱ्याच्या नावानंही एक शोध घ्या. बोजा निघाला आणि तरीही स्लेड हवीच असेल, तर कर्जाची रक्कम त्याच्या हातात न देता थेट फायनान्स कंपनीला भरा आणि बोजा उतरवल्याचं त्यांचं पत्र हातात आल्यावरच उरलेले पैसे त्याला द्या.